लाभ, दोन, तीन

कंधार
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

चि. शिवकांतास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "आजी, बँकेचं नाही हो, माणसाचं पत्र आलंय." आमच्या सूनबाईला, दिपालीला हसू आलं. म्हणते, "आई, मावशींचा फोन बिघडलाय का?" मी म्हटलं, फोन लावला की अर्धं घर मधे बोलतं. पत्रात मी एकटी असते.

तनूचं मोजणं कसं चाललंय ते लिहून पाठव, असं तू म्हणालीस. फार बरं वाटलं बघ. नातीचं कौतुक सांगायला लागलं की लोक घड्याळ बघतात. सख्खी बहीण ते मागून घेते म्हटल्यावर मला कागद पुरायचा नाही. मागच्या बाजूला कॅलेंडरचा जुलै महिना छापलेला आहे, तिकडं बघू नको. महिना संपला म्हणून कोरं पान कशाला वाया घालवायचं?

बसवराज दिवसभर दुकानात, दिपालीची दवाखान्यात नर्सची ड्यूटी. तनू यंदा पहिलीत गेली. शाळा सुटली की ती आणि मी. तिचे संघपाल सर पालकांच्या बैठकीत म्हणाले, उत्तर सांगू नका. लेकराच्या हातात चिंचोके द्या, शेंगा द्या, काड्या द्या आणि आपण गप बसा. मला गप बसायचं म्हणजे किती अवघड, तुला ठाऊक आहे. पण शिकून राहिले.

एक गंमत लिहिते. मी चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, दोन्हीत सारखेच. मग वरच्या ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवले आणि विचारलं, जास्त कुठं आहेत? तिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तोच खेळ, तेच बोट. मग एकदा मी ओळ लांबवायला लागले तर तिनं माझा हातच धरला. म्हणाली, "आज्जी, तू नवे आणलेस का?" म्हटलं, न्हाई. "मग वाढतील कसे? ते लांब लांब बसलेत नुसते. गडबड केली की सर आम्हाला बसवतात तसं." कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिच्या हातानंच तिला सांगितलं.

काल सोमवार. बेल निवडायला माझ्याजवळ बसली. एका बेलाला तीन पानं. पाच बेल ताम्हणात ठेवले आणि पानं मोजायला लागली. तिची बोटं संपली, तेव्हा माझा हात ओढून घेतला. पंधरा झाली. मग थोडा वेळ ताम्हणाकडं बघून म्हणते, "देव पाच मोजत असंल का पंधरा?" मी म्हटलं, काय की बाई. "विचारून सांग मग." आता पूजेला बसले तरी माझं ध्यान त्याच्यातच.

वैजनाथरावांना क्लासच्या ऑफिसातली नोकरी गेल्यापासून घरी करमत नसेल. त्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्या वर्गाचं कळव.

तुझी अक्का,
गौरम्मा

*

लातूर
२१ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास शिवकांताचा सा. नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. देव पाच मोजतो का पंधरा, यावर हे संध्याकाळपर्यंत हसत होते. फार दिवसांनी हसले गं.

आपला वर्ग सुरू झाला. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली, लेकानं, वीरभद्रनं दारावर पाटी लावली, 'अंकुर बालगणित'. लातुरात मोठ्या मुलांच्या क्लासेसना तोटा नाही, दर गल्लीत एक आहे. लहानांचं कुणी बघत नाही, म्हणून म्हटलं आपण बघू. सध्या चारच लेकरं येतात. आया दारातच विचारतात, "मॅडम, पाढे कधी सुरू करणार?" त्यांना चिंचोके दाखवले तर तोंड वाकडं करतात. म्हणतात, हे तर घरी पण आहेत.

म्हणून तुझ्या पत्रांचा मला आधार आहे. एक मागणं आहे अक्का. तनूचं बरोबर आलेलं कमी लिही, चुकलेलं जास्त लिही. बरोबर कुणीही सांगतं. ती चुकते तेव्हा नेमकं काय बोलते, तिचेच शब्द. फोनवर नको, फोनवरचं मी विसरते. तू लिहून पाठव, मी नीट जपून ठेवते.

वीरभद्र बरा आहे. फोनवर लोकांना जाहिराती करून देतो. अजून जम बसला नाही.

तुझी,
शिवकांता

*

कंधार
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

'चुकलेलं जास्त लिही' हे वाचलं आणि मी पत्र घेऊन तशीच बसून राहिले. लेकरांनी बरोबर सांगितलं की जवळ घेणारे खूप असतात. चुकल्यावर जवळ घेणारं माणूस विरळा. आपली माय अशी होती. तू तिच्यावर गेलीस.

तर ऐक. गेल्या आठवड्यात शेतावरून मूग आला. अंगणात पोतं मोकळं केलं आणि मी पायलीनं मापायला बसले. आपल्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे तुला काय सांगायचं. बाबा मापायचे तशीच मी मापते. लाभ, लाभ. दोन, दोन. तीन, तीन. तनू शेजारी बसून माझ्या सुरात सूर मिळवून राहिली. तिनं विचारलं, एक का न्हाई म्हणायचं? मी सांगितलं, पहिलं माप देवाच्या नावाचं. तेवढं बोलून मी विसरून गेले.

संध्याकाळी चिंचोके घेऊन बसलो. तिनं सात मांडले. एकेकावर बोट ठेवून नीट मोजले. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मी विचारलं, "किती झाले गं?"

"सहा."

"आत्ता सात म्हणालीस की."

"सात म्हणाले. पण पहिला लाभ आहे. तो देवाचा. त्याला आपल्यात कसं धरायचं?"

मला हसू आलं, पण तोंडाला पदर लावला. गप बसायचं ना. मग म्हटलं, "बरं, देवालाही धरलं तर?"

लगेच म्हणाली, "मग सात." आणि पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवून, "पण मग देवाचं काहीच राहत न्हाई आज्जी."

शिवकांता, मी मॅट्रिक झाले, संसाराचा हिशोब आयुष्यभर ठेवला, पण असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. तिला सहा कुठले आणि सात कुठले, दोन्ही माहीत होतं. चूक झाली असेल तर माझ्या सांगण्याची झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन संघपाल सरांच्या कानावर घातलं. म्हटलं, सर, मी पोरीला वेडंवाकडं शिकवलं. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "तनुजा, तुमच्या घरी लाभ म्हणतात. आमच्या घरी एक म्हणतात. आणि शाळेत सगळे माझ्या घरासारखं म्हणतात. चालेल का?" तिनं मान हलवली. झालं. आता शाळेत एक म्हणते, अंगणात लाभ म्हणते. दोन्हीकडं तिचं बरोबर येतं.

हे तुझ्यापाशीच ठेव. दिपालीला सांगितलेलं नाही. सून गुणाची आहे, पण तिला वाटायचं सासू पोरीच्या डोक्यात जुनंपानं भरते. तुला म्हणून लिहिलं.

तुझी अक्का,
गौरम्मा

*

लातूर
२६ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

घाईत लिहिते. तुझं लाभाचं पत्र वीरभद्रनं तीनदा वाचलं. म्हणतो, मावशी काय लिहितात.

वर्गाचं बरं नाही. चौकातल्या मोठ्या क्लासनं लहानांची बॅच काढली, त्यांच्याकडं एसी आहे. माझी दोन लेकरं तिकडं गेली. उरलेल्या दोघांतला एक येतो तो झोपायलाच. हे काही बोलत नाहीत, पण संध्याकाळी पाटीकडं बघत उभे राहतात.

दिवाळीला ये. आपलं माहेर तर आता उरलं नाही, यंदा माझ्याच घराला माहेर म्हण. तनूला घेऊन ये. येताना तिचा चिंचोक्यांचा डबा विसरू नकोस. वीरभद्रच्या नव्या फोनमध्ये फोटो फार छान येतात.

तुझी,
शिवकांता

*

कंधार
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

शिवकांतास,

वर देवाचं नाव घालायला हात धजला नाही, कारण खाली काय लिहायचंय ते मला माहीत आहे.

पंधरा दिवसांपूर्वी दिपाली ड्यूटीवरून आली, चप्पल न काढता माझ्यापुढं फोन धरला. तिच्याबरोबरच्या एका नर्सची बहीण लातुरात राहते. तिनं पाठवलं होतं. खाली विचारलं होतं, ही तुमचीच ना?

तुझ्या वर्गाचं पत्रक. मधोमध आमची तनू. तुझ्या ओट्यावर बसलेली, दिवाळीचा हिरवा फ्रॉक, मुठीत चिंचोके. डाव्या अंगाला 'अगोदर', उजव्या अंगाला 'आता'. अगोदर काय, तर 'सात मोजून सहा सांगायची!' आता काय, तर 'बेरीज, वजाबाकी आणि पंधरापर्यंत पाढे, फक्त अंकुर बालगणितमध्ये!' आणि खाली बारीक अक्षरात, 'पहिला म्हणे देवाचा असतो. हसू नका पालकहो, तुमच्याही मुलाचं असं होऊ शकतं.'

तनू तुझ्या वर्गात कधी बसली गं? दिवाळीला आली, तुझ्या करंज्या खाल्ल्या, वैजनाथरावांच्या पाठीवर बसून घोडा घोडा केलं आणि परत आली. पाढे तिला आजही येत नाहीत. यायची घाई पण नाही.

दिपालीनं विचारलं, "आई, हे तुम्ही सांगितलं का त्यांना?" मी म्हटलं, हाव. तिनं पुढं काही विचारलं नाही. आत जाऊन भाजी गरम करायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं. रात्री बसवराजनं ताटावर बसून एवढंच म्हटलं, "आई, घरातलं घरात राहू द्यायचं असतं." माझ्या लेकानं मला हे शिकवायची पाळी आली.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. त्यांचा राग मी सोसेन.

तनूला आता अक्षरं लागतात. तिनं स्वतःच फोन ओढून वाचलं. फोटो बघून आधी खूश झाली, ही मी म्हणाली. मग अक्षरं लावत लावत 'हसू नका' पर्यंत आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जी, मी चुकले असं तू मावशीआज्जीला सांगितलंस?"

म्हटलं, चुकलीस असं नव्हतं लिहिलं सोन्या.

"मग हसायचं का लिहिलंय?"

'हसू नका' लिहिलंय असं तिला सांगणार होते. पण हसायचं असतं तिथंच तसं लिहितात, हे पोरीला माझ्याआधी कळलं.

पत्रक इथल्याही फोनवर फिरलं. शाळेत पोरांनी त्याचा खेळ केला. मधल्या सुट्टीत डबा उघडला की दोघं तिघं येतात, "लाभ, लाभ" म्हणत तिच्या डब्यातली पहिली पोळी उचलतात. "पहिली देवाची, तुझी न्हाई." सरांनी त्यांना दटावलं, तर आता ते गुपचूप उचलतात. ती देते. न सांगता पुढं करते.

आणि मोजणं बंद झालं. तसं तोंडानं मोजते, पण मोजत नाही. काल मी पाच चिंचोके मांडले. किती म्हटलं, तर ती चिंचोक्यांकडं बघेना, माझ्या तोंडाकडं बघायला लागली. म्हणाली, "किती म्हणू?"

"मोज की."

"तू म्हण. तू म्हणशील तितके."

सर सांगत होते, वर्गात पण तसंच. आधी दुसऱ्या लेकरांना बोलू देते, मग जे जास्त जणांनी म्हटलं तेच म्हणते. आधी हीच पोरगी सरांना म्हणायची, थांबा सर, मला मांडून बघू द्या. तिच्याजवळ चिंचोके होते, म्हणून तिला कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नव्हती. तेवढं एक तिचं स्वतःचं होतं, शिवकांता. ते तू पत्रकावर घातलंस.

तू चुका मागितल्यास तेव्हा मला वाटलं, माय परत आली.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. ते पत्रक बंद कर. आणि ये. तनूसमोर बस आणि सांग, की तू चुकली नव्हतीस, मी खोटं छापलं. फोनवर नको, पत्रात नको. ती आता माणसांची तोंडं वाचून राहिली, तुझं तोंड पण तिला वाचू दे. माझ्याशी नंतर बोललीस नाही बोललीस, मला चालेल.

गौरम्मा

*

लातूर
२ जानेवारी २०२६

ती. अक्कास शिवकांताचा सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू मला परक्यासारखं लिहिलंस. वर आशीर्वाद सुद्धा नाही.

पत्रक वीरभद्रनं केलं. मी नीट वाचलं पण नव्हतं, तयार झाल्यावर एकदम फोनवरच बघितलं. आणि नाव कुठं टाकलं आहे? तनुजा असं कुठंच नाही. फोटो बघून कुणी ओळखलं त्याला आम्ही काय करणार? 'हसू नका' हे तर मीच मुद्दाम घालायला लावलं, लोकांनी हसू नये म्हणून. तू त्याचाही उलटा अर्थ काढलास.

आता पत्रक बंद कर म्हणतेस. ते कुणाकुणाच्या फोनवर गेलं, मी कुठं कुठं जाऊन काढू? आणि खरं सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. पत्रक फिरल्यापासून दारात चपला ठेवायला जागा नाही. दोन बॅच झाल्या. हे सकाळी उठून सतरंज्या झटकतात, लेकरांना पाणी देतात, दाढी करायला लागले. नोकरी गेल्यापासून भिंतीकडं तोंड करून निजणारा माणूस आहे हा. त्यांना परत मी भिंतीकडं वळवू का? तुझ्या घरी लेक कमावतो, सून कमावते. तुला ते कळणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण कळणार नाही.

येऊन तनूसमोर 'खोटं छापलं' असं म्हणायचं? अक्का, लेकरू आहे ते. लेकराच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज तुझ्या घरात बोलेल, उद्या शाळेत, परवा त्या नर्सबाईच्या बहिणीकडून लातुरात येईल. मग माझी पायरी कोण चढेल? शनिवार रविवार तर मला तसंही निघता येत नाही, जादा बॅच असते.

लेकरं विसरतात. आपण किती मार खाल्ला, काय आठवतंय? पोरं चार दिवस चिडवतील, पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी सापडेल. तिला म्हणावं, मावशीआज्जीनं तुझा फोटो सगळ्या लातुरात लावला, केवढी मोठी झालीस.

आणि मी तुझ्याकडून काही ओढून नेलं नाही. तू किती हौसेनं लिहायचीस. मागच्या बाजूला महिना छापलेल्या कागदावर कोपरे भरभरून लिहायचीस. तुलाही कुणीतरी वाचणारं पाहिजे होतं, मी वाचलं.

कंधारच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरपाशी एक पिशवी देते आहे. तनूला फ्रॉक आणि रंगीत मण्यांची पेटी आहे, आमच्या वर्गातली मुलं हीच वापरतात. चिंचोक्यांना आता कोण विचारतं.

राग निवला की लिही. तनूचं मोजण्यातलं नवीन काही असेल तर जरूर कळव. पालक विचारतात, त्या मुलीचं पुढं काय झालं.

तुझी,
शिवकांता

*

कंधार
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

शिवकांतास आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले आहेत. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद काही धाकटीच्या वागण्यावर ठरत नाहीत, तेवढे ठेवून घे. शिवरात्रीला तुझ्या आणि वैजनाथरावांच्या नावानं बेल वाहिला. ते उठून कामाला लागले हे वाचून मला बरं वाटलं, ते खोटं नाही. त्यांच्यासाठी तू मागितलं असतंस तर मी काहीही लिहून दिलं असतं. तनूला सांगून, विचारून दिलं असतं. तू मागितलं नाहीस, माया दाखवून काढून घेतलंस. तुझं म्हणणं, मला वाचणारं कुणीतरी पाहिजे होतं. खरं आहे. तेच तुला सापडलं.

पिशवी मिळाली. फ्रॉक तिनं घातला नाही. घरात पडून कुजण्यापेक्षा बरा म्हणून शेजारच्या पोरीला दिला. मण्यांची पेटी संघपाल सरांच्या वर्गात दिली. मण्यांचा काय दोष?

तू येशील असं मला पत्र मिळाल्यावरही वाटत होतं. जानेवारीभर लातूरची गाडी यायच्या वेळेला मी अंगणातलं काहीतरी काम काढायची. तनूनं एकदा विचारलं, कुणाची वाट बघतेस. म्हटलं, कुणाची न्हाई. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत गेली. तिनं ओळखलं असणार. तुझ्यापायी मी पोरीशी खोटं बोलले, हे पण धर.

मग मी एक केलं. 'किती' हा शब्दच सोडून दिला. संघपाल सर म्हणाले, आजी, तिला आता प्रत्येक 'किती' मागं माणूस हसायला टपलेला दिसतो, काही दिवस विचारूच नका. नुसतं काम करा आणि तिला जवळ असू द्या. मी पोळ्या केल्या, ती बसली. शेंगा सोलल्या, ती बसली. मी मोजलं तर मनात मोजलं. दिपाली पण घरी असली की येऊन बसायची. माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नव्हती, पण बसायची. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत.

शिवरात्रीला गावाकडची माणसं आली होती, घर भरलेलं. फराळाची मांडामांड करताना मी बसवराजला काहीतरी हिशोबाचं सांगत होते, अमक्याला इतकं, तमक्याला इतकं. माझ्या मागून आवाज आला.

"न्हाई आज्जी. तसं न्हाई होत ते."

बसवराजनं हातातलं खाली ठेवलं. तनूनं कुणाच्याही तोंडाकडं बघितलं नाही. जमिनीवर बसली, जे हाताला लागलं ते ओढून मांडलं, एकदा मोडलं, परत मांडलं. मी मधे बोलायला गेले तर हात वर करून म्हणाली, "थांब. बघू दे मला." दिपाली दाराशी ओल्या हातांनी उभी होती, ते हात तिनं साडीला पुसले आणि तशीच खाली बसली, माझ्या शेजारी. मग तनूनं सांगितलं की मी कुठं चुकले आणि का. चुकले होते मी. मोठी माणसं सगळी चुकलो होतो.

काय मांडलं, काय म्हणाली, कसं सिद्ध करून दाखवलं, ते चार ओळींत लिहून होईल. जुनी सवय म्हणून, पाहुणे गेल्यावर मी कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडून घेऊन बसले पण होते. तनू येऊन शेजारी टेकली. कुणाला लिहितेस म्हणाली. मी म्हटलं, तुझं आजचं कुणाला सांगायचं ते तू ठरव, मी तेवढ्यांनाच सांगते.

तिनं बराच विचार केला. आधी सरांचं नाव घेतलं, त्यांना म्हणे मीच सांगन. मग दवाखान्यातल्या मम्मीच्या मैत्रिणीचं. मग गावाकडच्या दोन पोरींचं, ज्या लवकर निजल्या होत्या म्हणून त्यांनी बघितलं नव्हतं. मी विचारलं, अजून कुणी? म्हणाली, बास.

मी तरी थोडी थांबले, तुझं नाव घेईल म्हणून.

तुझी अक्का,
गौरम्मा